मुठीतला घेवडा

गोदामाच्या कँटीनमध्ये त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध सैल बाह्यांचे महाराज, आणि समोर गोदामातला सगळ्यात दणकट हमाल, उजवा हात आडवा पसरून. महाराजांनी त्याच्या डाव्या मुठीत उकडलेल्या घेवड्याचे चार दाणे ठेवले, पुटपुटत उजवा हात दाबला आणि हात धप्पकन खाली आला. मग मुठीत मटणाचा तुकडा. आता महाराज दातओठ खाऊन दाबताहेत, पण हात ढिम्म!

"पाहिलंत?" महाराज गरजले. "नुसत्या स्पर्शानं घेवडा शक्ती पितो. पोटात गेला तर काय उरेल, बाळांनो? आमचं मांससत्त्व घ्या. एक चमचा, तीन दिवस भूक नाही!"

"मग कँटीन तरी कशाला?" मुकादम हरखून म्हणाला. "मावशी, सोमवारपासून चूल बंद."

कँटीनची मावशी वाढता वाढता थांबली. अठरा वर्षं ती याच चुलीवर घेवडा शिजवत होती. हातातला लांब दांड्याचा डाव तिनं नकळत घट्ट धरला. टोकाला धरला की भरलेला डाव मनगट मोडतो. हात वाटीजवळ सरकवला की हलका लागतो. हे तिच्या हाताला ठाऊक होतं. आणि महाराजांच्या हातानं जागा बदललेली तिच्या डोळ्यांनी टिपली होती.

"महाराज, मी दाबून बघू?"

"साधना लागते, बाई."

"दाबायला? दाबू दे की!" मागून कोणीतरी ओरडलं.

मावशीनं हमालाच्या मुठीत मटण दिलं, उजव्या हाताचं मनगट धरून दाबलं. हात खाली! मग घेवडा दिला आणि खांद्याजवळ दाबलं. अख्खं अंग टाकलं तरी हात हलेना.

"अरे, उलटं झालं की!" हमाल स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.

"उलटं काही नाही, दादा. घेवड्याला हे मनगटावर दाबतात, मटणाला खांद्याजवळ. बाहीआड कोण बघतंय?"

कोपऱ्यात जेवणाऱ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी ताट बाजूला सारलं.

"मटणात प्रथिनं भरपूर, अंगीही चटकन लागतात. ते वाईट नाही. घेवड्याची वाटी जरा मोठी लागते. त्याच्या प्रथिनांत जे कमी असतं, ते पाव किंवा भात भरून काढतो. वर घेवड्यात चोथा असतो, मटणात तो नसतो. म्हणून प्रथिनं सारखी असली, तर घेवड्यानंही पोट मटणाइतकाच वेळ भरल्यासारखं राहतं. पण चमचाभर काहीही तीन दिवस पुरत नाही."

"आम्हाला पुरतं!" महाराज म्हणाले.

"हो का?" मावशी म्हणाली. "मग सकाळी माझ्या मागच्या दारी दोन ताटल्या घेवडा कोणी खाल्ला? आणि मगाशी हमालाला दाबायला जोर कशाचा होता?"

हशा असा उसळला की भांडी वाजली. महाराज मांससत्त्वाच्या बाटल्या गोळा करू लागले. मुकादमानं खाली मान घालून ताटली पुढे केली.

"वाढ, मावशी. आणि सोमवारी जरा जास्त टाक."

मावशीनं डाव भरून वाढला. "टाकीन. पण मुकादम, पुढच्या वेळी चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी तो करणाऱ्याचा हात कुठे आहे, तेवढं बघा. आणि कळलं नाही, तर विचारा. विचारल्यानं खरं असेल ते मोडत नाही."