तळणाच्या तेलावर नागपूर

रबाळ्याच्या गंगारामाचा ट्रक भज्यांच्या तेलावर चालतो, हे गावात आधी कुणाला पटलं नाही. मग एका सकाळी तो ट्रक देवळावरून गेला आणि नुकतीच न्याहरी करून पारावर बसलेल्या माणसांना पुन्हा भूक लागली. त्यानंतर वाद मिटला.

वर्ष ऐंशीचं, महिना जानेवारी. डिझेल मिळत नव्हतं. पंपावर ट्रकांची रांग लागायची, आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना एकमेकांच्या मुलाबाळांची नावं पाठ व्हायची. गंगारामाची भातशेती कारखान्यांत गेली होती आणि तिच्या बदल्यात त्यानं हा जुना ट्रक घेतला होता. शेत निदान पावसाळ्यात तरी पिकायचं. ट्रक चार महिने अंगणात उभा होता आणि बायकोच्या, वेणूबाईच्या, कोंबड्या त्याच्या हौद्यात अंडी घालत होत्या. गंगाराम मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मना कलकत्त्याला बोलावलंय. बघू, जमलं तं जातो."

बढाईत गंगारामाचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पण बढाई बापानं मारायची आणि निस्तरायची लेकीनं, असा त्या घराचा रिवाज पडला होता. लेक सखू मोरा गावच्या दत्तूला दिली होती. दत्तू नागपूरच्याही पलीकडे, कोराडीला, विजेच्या कारखान्यात बॉयलरवर होता, आणि त्याची आई बयाबाईही तिथंच राहायची. गेल्या दिवाळीला, लेकीच्या पहिल्या सणाला, गंगारामानं कळवलं होतं, की धनत्रयोदशीला ट्रक घेऊन दारात उभा राहतो. सखू नवं लुगडं नेसून तीन दिवस उंबऱ्यात बसली. ते तीन दिवस गंगाराम पंपावर बसला होता. लक्ष्मीपूजन उलटल्यावर तो घरी आला आणि डिझेलला शिव्या देऊन झोपला.

आता सखूला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. बयाबाईनं पत्र लिहवून घेतलं, की आजपासून तिसऱ्या गुरुवारी सूर्य मावळला की आठवा लागतो, आणि आठव्यात पोटुशी बाई वेस ओलांडत नाही. न्यायची तर त्याआधी न्या. खाली सखूनं स्वतःच्या हातानं एकच ओळ लिहिली होती. 'बाबा, येणार नसाल तर येतो म्हणू नका.'

वेणूबाईला वाचता येत नव्हतं. गंगारामानं तिला पत्र वाचून दाखवलं आणि शेवटची ओळ गाळली. ती ओळ त्याला धड जेवू देईना.

सगळ्यांनी सांगितलं, आगगाडीनं जा. गंगाराम म्हणाला, "आगगाडी माझी नाय." खरं म्हणजे उत्तर त्यानं कधीच टाकलं होतं: माझा ट्रक घेऊन येतो. ते पत्र पेटीत टाकलं तेव्हा ट्रकच्या टाकीत डिझेलचा फक्त वास होता.

तेव्हा तो तळोज्याच्या सुलेमान फिटरकडे गेला. सुलेमान कमी बोलायचा आणि बोलायचा ते पान्याकडे बघून. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दादा, डिझेल इंजन बकरीसारखा हाय," तो म्हणाला. "तळनाचा तेलपन खाईल. पन गाळून द्यायचा, नि पातळ पायजे."

त्यानं ट्रकला दुसरी टाकी बसवली आणि दोन टाक्यांच्या मधे नळाला असते तशी एक चावी. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, तापलं की चावी फिरवून तेलावर घ्यायचं, आणि थांबायच्या आधी पुन्हा डिझेलवर आणायचं, नाहीतर नळीत तेल बसतं. म्हणजे सगळ्या प्रवासाला डबाभर डिझेल पुरणार होतं. तेवढं सुलेमाननं कुठूनसं आणलं. कुठून, ते गंगारामानं विचारलं नाही.

तेल गोळा करायला आठ दिवस गेले. कारखान्यांच्या फाटकांवरचे भजीवाले, कॅन्टीनचे आचारी, तुर्भ्याचा एक फरसाणवाला, सगळ्यांनी आपापलं काळं तेल दिलं आणि हे कशाला म्हणून विचारलं. "नागपूरला जायला," गंगाराम सांगायचा. त्यावर ते आणखी काही विचारत नसत. वेणूबाईनं जुन्या लुगड्याचे चार पदर करून सगळं तेल गाळलं. तीन पिंपं भरली. लुगड्यात शेव, मिरच्यांची देठं आणि एका कॅन्टीनवाल्याची अंगठी निघाली. अंगठी परत करून रविवारी पहाटे ट्रक निघाला. सुलेमान चाकावर, गंगाराम शेजारी, आणि मधे लेकीसाठी कापसाची नवी गादी.

कसाऱ्याचा घाट ट्रक कांद्याच्या भज्यांचा वास सोडत चढला. मालेगावला आठ-दहा कुत्री मागं लागली आणि त्यातलं एक गावाबाहेर दोन मैलांपर्यंत आलं. धुळ्याच्या नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली, नाक वर करून हुंगलं आणि हौद्यात चढून झडती घेतली. सापडलं काहीच नाही. "मग भजी कुठंयत?" त्यानं विचारलं. गंगारामानं इंजिनाकडे बोट केलं. हवालदार रागावला आणि त्यानं दोघांना अर्धा तास उभं केलं.

बाकी सगळं सुरळीत चाललं होतं, आणि गंगाराम प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगत होता की हा सगळा विचार मूळ त्याचा. बुधवारी संध्याकाळी ते कोंढाळीला पोचले. नागपूर तिथून तीसेक मैल. सुलेमान म्हणाला, चार दिवस झोप नाही, सकाळी निघू, दुपारपर्यंत कोराडी. त्यानं रीतीनं चावी फिरवून ट्रक डिझेलवर आणला, धाब्याच्या कडेला उभा केला, आणि दोघं झोपले.

इथं त्यांची चूक झाली, आणि ती खाडीकाठचाच माणूस करू जाणे. रबाळ्यात थंडी म्हणजे पहाटे पायांवर चादर ओढायची, एवढंच. थंडीनं माणूस सोडून आणखी कुणाला काही होतं, हे त्या दोघांना जन्मात कळायचं कारण नव्हतं. गुरुवारी सकाळी इंजिन डिझेलवर सुरू झालं, तापलं, सुलेमाननं चावी फिरवली, आणि ट्रक दोनदा खोकून गप्प झाला. सुलेमाननं टाकीत काडी घातली. काडी उभी राहिली.

पिंपाचं झाकण काढलं तर आत पांढरंपिवळं, खरवसासारखं घट्ट. गंगारामानं बोट घालून पाहिलं आणि बोट तसंच धरून उभा राहिला.

"फरसाणवाला," सुलेमान म्हणाला. "वनस्पती तुपात तळतो तो. तिकडं पातळ व्हता."

डब्यात डिझेल उरलं होतं ते जेमतेम चार-पाच वेळा इंजिन सुरू करण्यापुरतं. कोंढाळीच्या पंपावर 'डिझेल नाही'ची पाटी लटकत होती. त्यात आभाळ भरलेलं, म्हणजे उन्हानंही तेल वितळायचं नाही. गंगाराम रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि नागपूरच्या दिशेनं बघू लागला. चालत गेलं तर किती वेळ लागेल, याचा त्यानं हिशेब केला आणि तो मधेच सोडून दिला. उंबऱ्यात बसलेली सखू त्यानं दिवाळीत पाहिली नव्हती. आता ती त्याला स्वच्छ दिसत होती.

धाब्याचा मालक दात घासत आला. त्यानं पिंपात पाहिलं.

"एवढं तूप कुठं चाललं जी?"

गंगारामानं सांगितलं. सगळं सांगितलं, दिवाळीसकट. चार दिवसांत प्रथमच त्यात बढाईचा एक शब्द नव्हता.

"मंग रडता काहून?" मालक म्हणाला. "कढई हाये न माह्याजवळ."

धाब्याची मोठी कढई चुलीवर चढली. सुलेमान पिंपातून परातीनं तेल खरवडून आणायचा, गंगाराम ते कढईत ढवळायचा, आणि पातळ झालं की बादलीनं टाकीत. कढई पाहून येणारेजाणारे ड्रायव्हर बाकांवर बसू लागले. तिसऱ्या कढईला मालकाचा धीर सुटला. "तापलंच हाये तं," असं म्हणून त्यानं कांद्याचा एक घाणा सोडला. गंगाराम खवळला. "आमच्या गाडीचा तेल हाय तो!" ड्रायव्हर लोकांनी मात्र भजी चांगली झाल्याचं सांगितलं आणि आणखी मागवली.

सहा कढया झाल्या तेव्हा एक वाजून गेला होता. सुलेमाननं टाकीला धाब्यावरची गोधडी गुंडाळली, इंजिन तापवलं, चावी फिरवली. ट्रक खोकला आणि मग चालू लागला. मालकानं पैसे घेतले नाहीत. त्याची भजी दुप्पट खपली होती.

नागपुरात रस्ता चुकला, दोनदा. कोराडीची धुराडी दिसली तेव्हा आभाळ मोकळं होऊन ऊन पिवळं पडलं होतं. "इंजन बंद नाय करत," सुलेमान म्हणाला. "लवकर या."

बयाबाई क्वार्टरच्या दारातच उभी होती. तिनं व्याह्याकडे पाहिलं, काजळी धरलेल्या त्याच्या हातांकडे पाहिलं, मग सूर्याकडे.

"अजून हातभर हाय," ती म्हणाली. "दत्तू पाळीवर गेलाय, त्याला मी सांगीन. आत या नि घेऊन निघा."

गंगाराम आत गेला. दोन खोल्यांचं घर. सखूची लुगडी दोरीवर वाळत होती. तिची फणी आरशापाशी, औषधाची बाटली फळीवर, आणि पत्र्याची पेटी पलंगाखाली, वर धूळ बसलेली. बांधलेलं एक गाठोडंसुद्धा घरात नव्हतं. सखू चुलीपाशी बसून संध्याकाळचे तांदूळ निवडत होती.

गंगारामाच्या तोंडात डिझेल होतं, थंडी होती, वनस्पती तूप होतं, सहा कढया होत्या. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. लेकीनं आपली वाटच पाहिली नव्हती. पाहावी तरी का?

"आयलू गो," तो एवढंच म्हणाला.

सखूनं मान वर केली. तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं, भिंतीला धरून उठली आणि नेसत्या वस्त्रानिशी बाहेर जाऊन ट्रकपाशी उभी राहिली. बयाबाईनं दोरीवरची ओली लुगडी कवेत घेऊन तशीच हौद्यात टाकली, मग फणी, मग बाटली, आणि शेवटी रॉकेलचा डबा, कारण सुलेमाननं रात्रीच्या थंडीसाठी तेलात मिसळायला तो मागितला होता. सुनेला गादीवर बसवून तिनं तिच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. "जा बाय, नीट जा."

त्यांनी वेस ओलांडली तेव्हा सूर्य धुराड्यांच्या मागं होता, पण होता.

मग केबिनमध्ये गंगाराम समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "पेटी नाय बांधलीस ती बराच केलास. तुझी चूक नाय. माझ्या बोलन्यावर कोन पेटी बांधील?"

"तसा नाय, बाबा," सखू म्हणाली. "दिवालीला मी बांधून बसली, नि तुमी आला नाय. आता सासू आठ दिस बोलतेय, बांध, बांध. मी पेटीला हातच लावला नाय. बांधली असती नि त्यापायी तुमी परत आला नसता तं?"

गंगारामानं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि तो रडू लागला. अमरावतीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो रडत होता, आणि सुलेमान त्याच्याकडे न बघता गाडी हाकत राहिला.