सगुणाबाईचा नागडा ऊस

साहेब, ही कीड तुम्ही आणली. आभाळातनं पडली नाही. दुष्काळ सरला तेव्हा बागायतदारांच्या मळ्यात कांडकं उरलं नव्हतं, म्हणून तुमच्या शेतकी हापिसाचा ट्रक बेणं घेऊन तीर्थपुरीच्या रस्त्यानं आमच्या गावात आला. कांड्यावरचे डोळे मोडू नयेत म्हणून बेणं पाचटासकट, वाळल्या पानांसकट, न्यायची रीत आहे. ती तुम्ही पाळली. पाचटाखाली कोण बसून आलंय, हे मात्र एकानंही उचकून बघितलं नाही.

मी बघितलं. वसंता मास्तरांचं भिंग मागून आणलं आणि बघून थक्क झालो. पिल्लू खसखशीपेक्षा बारीक, पिवळं, सहा पायांचं. तुरुतुरु चालतं, पाचटाच्या आडोशाला कोवळी जागा हेरतं आणि सोंड खुपसतं. मग मादीचे पाय गळून जातात. कुठं जायचंच नाही तर पाय कशाला? अंगातल्याच मेणानं ती पाठीवर खवला बांधते. त्यावर पाऊस ठरत नाही, तुमचा फवाराही नाही. नराला पंख असतात, पण जिनगानी दोन घडीची. मादी पिल्लंच घालते. ती खवल्याखालनं निघतात, आणि वारा त्यांना शेजारच्या वावरात नेऊन टाकतो. एवढासा जीव, पण काय अक्कल! एका ट्रकातनं उतरला आणि दोन वर्षांत सगळं शिवार घेतलं. कांडी आखूड झाली, रस आटला, ऊस राख फासल्यागत काळाकरडा पडला.

सगळं शिवार म्हणालो, पण एक वावर सोडून. माझी आत्या सगुणाबाई, तिचं पाच गुंठ्यांचं. ट्रकातलं बेणं मारुतीपुढं वाटलं तेव्हा आमच्या बौद्धवाड्यातल्या कुणाला बोलावलं नव्हतं. दुष्काळात आत्यानं भांड्याकुंड्याचं पाणी घालून उसाचं एक बेट जगवलं होतं, तेच तिनं वाढवलं. उभ्या उसाचं पाचट ती महिन्या-महिन्याला सोलून घ्यायची, छपरावर घालायला. त्यावरनं अप्पाराव पाटील बांधावर उभा राहून हसायचा.

"सगुणे, उसाला नागडं करून राह्यलीस. लाज न्हाई का त्याला?"

"त्याची लाज माझ्या घरावर हाय, पाटील. घर गळतं माझं."

पाचट नाही म्हणजे आडोसा नाही. वाऱ्यानं पिल्लं तिच्याही वावरात आलीच असतील, पण लपायला जागा मिळाली नाही. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला छप्पर पाहिजे होतं.

यंदा पौषात तुमची जीप आली. शिवारातला सगळा ऊस जाळायचा हुकूम होता. तुमचा माणूस आत्याच्या बांधावर आला. शेजारच्या वावराचा सर्जेराव त्याच्या पाया पडायचाच बाकी होता. सर्जेरावाचा दीड एकर ऊस सकाळीच पेटवला होता.

"साहेब, एवढा सोडा. गावात बेण्याला ह्योच एक राह्यला."

"हुकूम सगळ्या शिवाराचा आहे."

"मंग बाभळी बी जाळा, त्याबी शिवारातच हायेत," आत्या म्हणाली. "एक तरी खवला दाखवा माझ्या उसावर."

तुमच्या माणसानं उसाकडं बघितलं नाही, घड्याळाकडं बघितलं. "जेवून येतो. मग पेटवू."

जेवण पाटलाकडं होतं. तो वळल्याबरोबर आत्यानं विळा उचलला. "सर्जेराव, बघत काय उभा राह्यलास? बोलव सगळ्यांना. बिलकुल येळ न्हाई."

गाव धावत आलं. एकेकाला मोळी मिळाली, पण आत्या बांधावर बसलेली. राहिलंसाहिलं पाचट तिच्यासमोर सोलल्याशिवाय कांडकं हलू देत नव्हती. शेवटी पाटलीण आली, गिरिजाबाई, पदर खोचून. आमच्या वावरात तिचा पाय पहिल्यांदाच पडला.

"आमचे मालक साहेबाला पोळ्यांवर पोळ्या वाढून राह्यलेत," ती म्हणाली. "उठूच देईनात. आमाला मिळंल का गं मोळी?"

"मिळंल की. पण आदी सोल."

"मी?"

"मंग काय साहेब सोलंल?"

गिरिजाबाईनं सोललं. पात्यांनी हात चिरले तिचे, तरी सोललं. मोळी डोक्यावर घेताना म्हणाली, "नागडाच न्यायचा म्हन की." दोघी हसल्या. ते हसणं मी ऐकलंय, साहेब. माझ्या जन्मात त्या दोघींना एकत्र हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

तुमचा माणूस ढेकर देत आला तेव्हा वावरात नुसते बुडखे होते. आत्या विळा पुसत बसली होती.

"ऊस कुठाय?"

"गेला. तुमची कीड गेल्ती तसाच, घरोघर."

त्यानं बुडख्यांवर रॉकेल ओतून काडी लावली. आठ दिवसांनी चावडीवर तुमची नोटीस लागली: सदर महिलेचे बेणे ज्याच्या वावरात सापडेल त्याचे पीक उपटण्यात येईल.

ते बेणं आता सगळ्या गावात उगवलंय, पाटलाच्या मळ्यातसुद्धा. पानं हिरवीगार आहेत. पाचट यायला लागलं की बागायतदारांच्या सुना सोलायला उतरतील, तसा शब्द आत्याला देऊनच घरोघरी बेणं गेलंय. भिंग माझ्यापाशी आहे. या आणि एक खवला दाखवा, मी माझ्या हातानं उपटून देतो. आणि नाही सापडला तर नोटीस लावली त्याच चावडीवर उभं राहून सांगा: कीड आणणारा तुमचा ट्रक आणि बेणं राखणारी माझी आत्या, यात गुन्हेगार कोण?