पहिल्या दुधाचं पान

"अवो, हात बाजूला घ्या. पोरगी रडायलीय कवाची," नर्मदा म्हणाली.

तिच्या हातात गुळाच्या पाण्याची वाटी, वाटीत कापसाचा बोळा. मांडीवर आमची नात, आमच्या लेकीची, केशरची पोरगी, सकाळीच जन्मलेली. मी पुस्तक मधे धरलं होतं.

"जरा थांब. नर्सबाईनं हे आधी वाचा म्हणलंय."

"तुमी वाचणार? मग पोरगी चालायला लागंल तवर."

खरंय तिचं. मी पिंगळी टेशनावर गँगमन. शाळा दुसरी. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचतो, तीही बोट ठेवून. चुकलं तरी लोक माना डोलावतात. हे पुस्तक म्हणजे लेकरं कशी वाढवावीत त्याचं. सकाळी हातात घेतलं तेव्हा हसूच आलं. आमच्या मायनं सात वाढवली, काय वाचून? मग नवव्या पानावर बोट अडकलं ते पुढं जाईना.

पहिल्या तीन दिवसांचा चीक पिळून टाकू नका, तेच बाळाचं औषध, असं तिथं होतं. गुळाचं पाणी पाजू नका. हगवण लागते, बाळ दगावतं.

आमचा पहिला पोरगा सहाव्या दिवशी गेला. हगवणीनंच. नाव ठेवायचंही राहिलं. माझ्याच मायच्या सांगण्यावरून नर्मदानं चीक मातीत पिळला होता आणि असाच बोळा त्याच्या तोंडाला लावला होता. त्याला सव्वीस वर्षं झाली. पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद ठेवला होता, तिनं आयुष्य लिहिलंच तेवढं, असं नर्मदा म्हणते. त्या बोलण्याच्या आधारानंच ती तेव्हा उठून पुन्हा कामाला लागली होती. मी कधी त्या समजाला धक्का लावला नाही.

"काय झालं? अक्षर अडलं का?"

"न्हाई."

"दादा, वाचा की," केशर बाजेवरून म्हणाली.

वाचलं. पोथीसारखंच, हळू. मान वर केली नाही.

नर्मदा म्हणाली, "हगवण म्हणलंय का त्यात?"

"हं."

"आपल्याला न्हाई दिलं कुणी असलं पुस्तक."

"दिलं असतं तरी मायनं चुलीत घातलं असतं."

ती हसली नाही. "म्हंजी त्यानंच गेला का वो?"

"पुस्तकाला आपलं लेकरू काय ठाव?" मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरं होतं, असंही नाही.

तिनं वाटी खाली ठेवली. पोरीला उचलून केशरच्या कुशीत दिलं, तोंड नीट लावून दिलं. "पाज," म्हणाली. "आखडू नको, धर नीट."

मग माझ्याजवळ येऊन बसली. पदराला हात पुसत राहिली.

"लेकरू गेलेल्या बाईचं काय लिव्हलंय का फुडं?"

मी दहावं पान काढलं आणि वाचायला लागलो. दात येणं, देवी टोचणं, खिमट; तिनं विचारलेलं काही येईना. पुस्तक संपेपर्यंत ती उठली नाही.