गडद हिरवं

"कार्बनचा कागद घ्या बाई, आणि ही दलदल पुसून आणा," साहेब म्हणाले.

काचेच्या टेबलाखाली दिवा जळत होता. वर तीन पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेले: प्राणी कुठे राहतात त्याचा, जमिनीत नि झाडांत कार्बन किती साठलाय त्याचा, आणि पाणी कुठे मुरतं त्याचा. तिन्ही रंग जिथे एकमेकांवर येतात तिथे गडद हिरवं दिसतं, आणि ती जमीन सगळ्यांत आधी राखायची, असा कचेरीचा नियम. दलदल गडद हिरवी दिसत होती. नकाशे काढण्यात बाईंची हयात गेली होती. इतकं गडद हिरवं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

"साहेब, चिखलातला कार्बन तुम्हीच मोजायला लावलात ना?"

"मोजला. आता विसरा. एक झाड नाही तिथे! त्याऐवजी टेकडीवरची निलगिरी घ्या."

निलगिरी गोदामवाल्यांची होती, आणि गोदामं बांधायला त्यांना दलदलच हवी होती. म्हणजे जमीनही त्यांनाच आणि झाडं राखल्याची शाबासकीही त्यांनाच! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दलदलीनं यांचं काय घोडं मारलं होतं? तिच्या काठावर बाईंच्या दादाचा भाजीचा मळा होता. उन्हाळ्यातही त्याच्या विहिरीला पाणी असे, ते दलदलीच्या जिवावर. "गडद हिरव्यात आलीय, निश्चिंत राहा," असं बाईंनी त्याला कालच फोनवर सांगितलं होतं.

"मी नाही पुसणार."

"नका पुसू. दुसरा पुसेल."

दुसऱ्यानं पुसली.

नदी आणि गडद हिरव्या जागा तेवढ्या दाखवणारा नकाशा लोकांसाठी सभागृहात लागला, तेव्हा दादा इस्त्रीचा सदरा घालून आला. नदीवरून बोट फिरवत तो आपल्या मळ्यापाशी पोचला. तिथे कागद कोरा होता.

"आपली दलदल कुठाय गं?"

दादाचं बोट खाली कोपऱ्यात गेलं. तिथे नकाशा काढणारी म्हणून बाईंचंच नाव होतं. दलदल पुसली, नाव तेवढं ठेवलं! या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

"तुझं नाव बाकी ठळक आलंय हं," दादा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

बाईंनी पर्समधून पेन्सिल तासायचं पातं काढलं आणि आपलं नाव खरवडायला घेतलं.

"अहो बाई, काय करताय!" साहेब पाहुण्यांना सोडून धावले.

बाईंनी मान वर केली नाही. कागद हलत होता. दादानं पुढे होऊन तो दोन्ही हातांनी भिंतीशी दाबून धरला.