मनगटाला टाच

हेब्बाळच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात मल्लाप्पा बावीस वर्षं हाडं जोडून सांगाडे बांधत होता. मूळचा निपाणीकडचा; घरात मराठी, बाजारात कन्नड. हाड हातात आलं की डोळे मिटून सांगायचा, डावं की उजवं, बाईचं की बाप्याचं. शरीररचना विभागाचे प्रमुख डॉ. हंबीरराव यांना मात्र डोळे उघडे ठेवूनही खुर्चीपलीकडचं काही दिसत नसे.

यंदा कॉलेजच्या संग्रहालयात माणूस आणि चिंपांझी शेजारी शेजारी उभे करायचे होते. चिंपांझीचा सांगाडा अस्सल, एका बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयातून आलेला. मल्लाप्पानं एकच मागणं घातलं: काचेवरच्या पाटीवर बांधणाऱ्याचं नाव. बारा सांगाडे त्यानं उभे केले होते, नाव एकावरही नव्हतं.

"लावू की," हंबीरराव म्हणाले. "फक्त या चिंपांझीला जरा ताठ कर. चेअरमनसाहेबांना फोटोत दोघं सारखे दिसायला हवेत."

मल्लाप्पानं खिशातून ओळंबा काढला. माणसाच्या कवटीखाली, कणा जिथं जोडतो त्या भोकाशी दोरी धरली. ती कमरेतून नीट पावलावर उतरली. मग चिंपांझीच्या कवटीखाली धरली. गोळा छातीपुढं अधांतरी लोंबत राहिला.

"बघितलासा? याचं भोक मागं सरकल्यालं, कमरेचं हाड लांब आन् चपटं. आपली मांडी गुडघ्याकडं आत कलती म्हणून तोल ऱ्हातोय, याची सरळसोट. ह्यो वाकूनच चालायचा की ओ, सर. ताठ केला तर खोटा हुईल."

"सातवी पास माणसाकडून शिकायची वेळ नाही आली माझ्यावर. किल्ली ठेव आणि जा."

दार लावून घेऊन हंबीररावांनी ते काम एका दुपारीत उरकलं. गुडघ्यांत सळ्या ठोकल्या. पंजे आणि पावलं मल्लाप्पानं आधीच तारेत ओवून चार पिशव्यांत ठेवली होती, वर कन्नडमध्ये चिठ्ठ्या. सरांनी पंधरा वर्षं या गावात काढली, देवनहळ्ळीला प्लॉट घेतला, पण इथलं एक अक्षर ओळखून घेतलं नाही. 'स्वल्प स्वल्प येतं' म्हणून मिरवायचे तेवढे. पिशवीत ठसठशीत अंगठा दिसला, तो हात. आखूड अंगठा दिसला, तो पाय. झाली विद्वत्ता. चिंपांझीच्या पायालाच असा दणकट अंगठा असतो, फांदी धरायला, हे दर वर्षी पोरांना घोकून घेणारे हेच.

उद्घाटनाच्या सकाळी पाटी चिकटवायला मल्लाप्पालाच बोलावलं. पाटी इंग्रजीत होती, पण तिच्यावर आपलं नाव नाही एवढं त्याला कळलं. मग त्याची नजर आत गेली आणि तो थबकला.

"सर, जरा इकडं..."

"आज तू तोंड उघडायचं नाहीस."

"सरी, बरं," मल्लाप्पा म्हणाला आणि पाटी चांगली दाबून बसवली.

चेअरमन कृष्णमूर्तींनी फीत कापली. फोटो झाले, टाळ्या झाल्या. पहिल्या वर्षाची अश्लेषा काचेला नाक लावून उभी होती.

"सर, चिंपांझीच्या मनगटाला टाच असते?"

हंबीरराव हसले. मग त्यांनी बघितलं, आणि हसू तोंडावरच वाळलं.

"मल्लाप्पा, काय करून ठेवलंस हे?"

मल्लाप्पा जागचा हलला नाही. "अक्का, ती पाटी वाच की," तो अश्लेषाला म्हणाला. "मोठ्यानं वाच. मी सातवीच शिकलोय."

तिनं वाचलं, "मांडणी आणि बांधणी, डॉक्टर हंबीरराव."

कृष्णमूर्तींनी पाटीवरची नजर हंबीररावांकडं वळवली. हंबीरराव त्यांच्यापुढं नेहमीसारखे कमरेत वाकले आणि तसेच राहिले. या घडीला त्यांना ओळंबा लावला असता, तर गोळा कुठं लोंबला असता हे मल्लाप्पाला बघायचीही गरज वाटली नाही.

"तीन दिवस लागतील," तो कृष्णमूर्तींना म्हणाला. "वाकल्यालाच बांधणार. पण पाटी आधी निघू दे."

चेअरमननी हंबीररावांकडं बोट केलं. सर नखानं पाटी खरवडू लागले. चिकटा फार पक्का बसला होता.