काबरीची मानमोडी

मित्रांनो, परसात पेरूच्या झाडाखाली बांबूचा उपडा डालगा दिसतो ना, तो मी. वय झालं माझं. कड उसवली आहे आणि दुपारी मला हमखास डुलकी लागते. डुलकीत मी पुन्हा बांबू होतो. सिंदेवाहीकडच्या जंगलात उभा असतो, अंगावरून वारा सळसळत जातो आणि खाली कुठेतरी रानकोंबडा आरवतो. जाग येते तेव्हा आरवणारा कोंबडा घरचाच निघतो. थोडं वाईट वाटतं, मग बरंही वाटतं.

मला विणलं हरिदास बुरडाने. विणताना तो गुणगुणायचा. ती गुणगुण माझ्या कांबींत अजून असावी, असं मला उगाच वाटतं. बाजारातून डोक्यावर घेऊन मला घरी आणलं कमळाबाईने. पिल्लांवर घारीने झडप घालू नये, मुंगसाने दात लावू नये, म्हणून कोंबडी आणि पिल्लं माझ्याखाली झाकायची, एवढंच माझं काम. माझ्या विणीतून उन्हाचे कवडसे आत पडत आणि पिल्लं त्यांना दाणे समजून टोचत बसत. ते पाहण्यात माझे कितीतरी उन्हाळे गेले.

कमळाबाईचा कोंबड्यांवर फार जीव. पावसाळ्यात पिसवा झाल्या, की चुलीतली राख चाळून ती त्यांच्या पंखांखाली चोळायची. माझ्याखालच्या जमिनीवर कडुनिंबाचा पाला पसरायची. वारुळाचं ढेकूळ फोडून वाळवी आणायची आणि पिल्लं तिच्यावर तुटून पडायची. मलाही ओल धरू नये म्हणून उन्हात तापवायची. पण मानमोडीपुढे तिचं काही चालत नसे. हा रोग आला, की कोंबडी झिंगल्यासारखी चालते, मान वाकडी होते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तसंच झालं. मागे उरली ती एकटी काबरी, ठिपक्याठिपक्यांची.

पुढच्या वर्षी काबरी खुडूक होऊन अंड्यांवर बसली आणि चैत्राच्या सुमारास पिल्लं घेऊन उठली. मोहाचे दिवस होते. सगळं गाव पहाटेच फुलं वेचायला जंगलात जाई आणि हवासुद्धा गोड लागे. एके दिवशी कमळाबाई जंगलातून परतली, तर काबरी कुंपणापाशी झोकांड्या खात होती. मान एका बाजूला लटकली होती. पिल्लं भोवती चिवचिवत होती.

कमळाबाईच्या हातातली टोपलीच गळून पडली. तिने पिल्लं वेगळी केली आणि काबरीला माझ्याखाली झाकलं. शेजारची ठमाबाई धावत आली.

"मानमोडीच हाये वो, कमळा! मरायच्या आंधी काप तिले. नाई तं पिल्लं बी जातीन."

"मंग पिल्लाइले पंखाखाली घेईन कोन?" कमळाबाई रडत म्हणाली. तरी तिने कोयता काढला आणि तो दगडावर घासायला घेतला. दुसरं काय करणार बिचारी?

इकडे काबरी माझ्या कांबींना चोच टेकून पेंगत होती. तिच्या श्वासाला वास येत होता, गोड आणि आंबूस. मला सगळं कळलं, मित्रांनो! पण डालग्याला तोंड कुठे असतं?

तोंड होतं मुखरूभाऊला. तो कमळाबाईचा नवरा. यापुढे घरात दारू गाळणार नाही, असा त्याने होळीलाच बायकोला शब्द दिला होता. आता तो दारात उभा राहून एकदा कोयत्याकडे आणि एकदा कुंपणामागे पाहत होता. कमळाबाईने मला उचललं, काबरीचे पाय धरले.

"कमळे, थांब!"

"काऊन?"

"तिले मानमोडी नाई झाली. तिनं... मोहा खाल्ला."

"कोनता मोहा?"

"गाळून उरला होता तो. मीच फेकला कुंपणामांगं."

कमळाबाईने काबरीची चोच नाकाशी धरली, वास घेतला आणि कोयता खाली ठेवला.

"हिची तं संध्याकाळपरेंत उतरन," ती म्हणाली. "तुमचं का करू?"

मुखरूभाऊचा चेहरा पडला. तो आत गेला, लपवलेलं मडकं घेऊन आला आणि ते आपटायला त्याने वर उचललं.

"इथी नोका फोडू!" कमळाबाई ओरडली. "काबरी पुन्हा खाईन ना ते!"

ठमाबाई पदर तोंडाला लावून हसली. मुखरूभाऊने मुकाट्याने कुदळ घेतली, दूर जाऊन खड्डा खणला आणि मडकं, चोथा, सगळं पुरून टाकलं. उन्हं कलली तेव्हा काबरीने मान सरळ केली, ती भरपूर पाणी प्यायली आणि तिने पिल्लांना हाक घातली. एकेक करून पिल्लं तिच्या पंखांखाली शिरली. मी त्या सगळ्यांवर अलगद टेकलो. इतका हलका मी बांबू असतानाही नव्हतो.

मित्रांनो, कोंबड्या पाळा, हौसेने पाळा. त्यांना राख चोळा, स्वच्छ पाणी द्या, आजारी कोंबडी वेगळी ठेवा. पण कोयत्याला हात घालण्याआधी तिने काय खाल्लं ते जरा बघा. तिला काय झालं, हे तिला सांगता येत नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याने तरी वेळेवर बोलावं.