धक्क्याचं नाव लिहा, स्वतःचं नको

आमच्या वाचनमंडळात दर गुरुवारी सकाळी भांडण असतं. लायब्ररीच्या मागच्या खोलीत कॉफी, गरम वॉफल, त्यावर तपकिरी चीजचा काप, आणि भांडण. मी त्यात फारशी पडत नाही. विणकाम घेऊन खिडकीशी बसते, तिथून समोरची बेटं दिसतात. पण लायब्ररी सांभाळणाऱ्या इंगव्हिल्दने या महिन्याच्या पुस्तकाचं नाव सांगितलं तेव्हा माझे चार टाके सुटले. 'बुडालेल्यांचं गाव'. लहान मुलांचं पुस्तक. त्याची आता नवी आवृत्ती निघाली आहे, गुळगुळीत कागदावर.

गोष्ट साधी आहे. तीन भावंडं अनाथाश्रमातून पळून जातात. आईबाप समुद्रात गेलेले. एक म्हातारा सील त्यांना पाठीवर घेतो आणि समुद्राच्या तळाशी, बुडालेल्या माणसांच्या गावाला नेतो. तिथे खिडक्यांत दिवे असतात, चुलीवर मासळीचं सूप असतं, आणि बाप दारात उभा असतो. पण आत गेलेल्याला परत येता येत नाही. तिघं फाटकाशी थांबतात, बराच वेळ बघत राहतात, आणि वळतात. शेवटच्या पानावर ती अनाथाश्रमाचं दार वाजवत असतात.

"डरपोक कार्टी," तेर्ये म्हणाला. तेर्येने चाळीस वर्षं फेरीबोट चालवली. पुस्तकाबद्दलही तो वेळापत्रकासारखंच बोलतो.

"आत गेली असती तर मेली असती," आस्लाउग म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि अजून आम्हा सगळ्यांना दुसरीतलं समजते. "तुला पोरं मेलेली हवीत का?"

"मला काय हवं ते सोड. एवढं अंतर कापून दारातून परत यायचं? मी प्रवाशांना धक्क्यापर्यंत नेऊन तसंच परत आणलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

"तेही केलंयस तू. त्या मोठ्या वादळात. मी होते बोटीवर, ओकत होते."

सगळे हसले. मग कोणी म्हणालं, असल्या पुस्तकांमुळे मुलांच्या डोक्यात पळून जाण्याचं खूळ शिरतं. कोणी म्हणालं, ते आधीच असतं, पुस्तकाने शिरत नाही. इंगव्हिल्दला शेवट फार आवडला होता, ती रडली होती. तिला दोन मुलं आहेत आणि त्यांचे दोन्हीकडचे आजीआजोबा अजून धडधाकट आहेत. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, लहानपणी वाचलेलं, आता आठवत नाही.

मला त्यातलं एकूण एक पान आठवतं.

आमचे वडील हेरिंग मासळीच्या मोसमात बोटीसकट गेले. आई त्यानंतर दोन हिवाळे खोकत होती. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, भाऊ आइलर्ट तेरा वर्षांचा. दोघांना एकत्र ठेवून घेईल असं घर मिळालं नाही. मला बाहेरच्या बेटावर मालेनेकाकूंकडे दिलं, आइलर्टला खाडीच्या आत क्वाल्व्हॉगला, एका शेतावर. मार्च महिना होता. माझा एक हातमोजा वाटेत कुठेतरी पडला होता. आइलर्टने त्याचे दोन्ही मोजे काढून माझ्या हातांत घातले. ते मला कोपरापर्यंत आले. मग त्याने हात खिशात घातले आणि माझी बोट सुटेपर्यंत ते बाहेर काढले नाहीत, निरोपाला हलवायलासुद्धा नाही. त्याचा मला पुष्कळ दिवस राग होता.

मालेनेकाकू वाईट नव्हत्या. पोटभर जेवायला घालायच्या, हात कधी उगारला नाही. पण पत्रं लिहू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, पत्र आलं की पोर हळवं होतं, आठवडाभर कामात लक्ष लागत नाही. क्वाल्व्हॉगच्या माणसांचंही तेच मत होतं. नाताळला एक कार्ड, त्यावर शुभेच्छा छापलेल्या, खाली सही. बस्स.

वर्षातून दोनदा, इस्टरच्या आधी आणि पहिल्या बर्फाच्या आधी, पुस्तकांची बोट यायची. भोंगा वाजला की शाळा सुटायची. बोटीवर बोर्गहिल्द नावाच्या बाई असत, उंच, गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, त्यांनी एक कागद डकवलेला असे. पुस्तक परत करताना त्यावर एक-दोन ओळींत मत लिहायचं, म्हणजे कोणती पुस्तकं आणखी आणायची ते त्यांना कळे. खाली वय आणि धक्क्याचं नाव. स्वतःचं नाव लिहायचं नाही. बेटांवर सगळे सगळ्यांना ओळखतात, नाव लिहिलं की कोणी खरं लिहीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी दहा वर्षांची असताना 'बुडालेल्यांचं गाव' माझ्या हाती आलं. वाचून झाल्यावर इतरांची मतं वाचली. ती वाचायला मला पुस्तकापेक्षा जास्त मजा यायची. 'छान आहे, पण सील बोलतो ते पटत नाही.' 'आश्रमातली बाई मुळीच इतकी वाईट नाही, पोरंच आगाऊ आहेत. मुलगी, ११.' 'सुपाचं वर्णन आणखी हवं होतं.' आणि सगळ्यांच्या खाली, पेन्सिल दाबून लिहिलेलं:

'वायव्येचा वारा असताना सीलही बाहेर पडत नाही. तरी तिथवर पोचल्यावर त्यांनी आत जायला हवं होतं. मी गेलो असतो. मुलगा, १४, क्वाल्व्हॉग.'

वायव्येचा वारा असताना सीलही बाहेर पडत नाही, हे आमच्या वडिलांचं बोलणं. शेवटच्या फेरीच्या आधी आईने त्यांना तेच ऐकवलं होतं. आणि क्वाल्व्हॉगच्या धक्क्यावर चौदा वर्षांची मुलं तरी किती असणार?

मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की मालेनेकाकूंनी विचारलं, पुस्तक उलटं धरून काय वाचतेस. मला भीती वाटली. मी गेलो असतो. तो खरंच जाईल असं वाटलं. दहा वर्षांची मुलगी आणखी काय समजणार?

पुस्तक परत करायचं होतं तेव्हा मी दिवसभर ओळ जुळवली. कागदावर तेवढीच जागा उरली होती, तळाशी बोटभर. मी लिहिलं: 'वळली ते बरं केलं. बाहेरही त्यांचं माणूस आहे. मुलगी, १०.' आणि आमच्या धक्क्याचं नाव. माझं नाव लिहिलं नाही. तसा नियम होता. मी नियम पाळणारी मुलगी होते.

बोर्गहिल्द बाईंना मी विचारलं, हे पुस्तक क्वाल्व्हॉगला द्याल का.

"जो मागेल त्याला देते," त्या म्हणाल्या. "तिथलं कोणी मागितलं तर मिळेल."

पुढच्या खेपेला पुस्तक दुसऱ्या कोणाकडे होतं. त्याच्या पुढच्या खेपेला मिळालं. मी धक्क्यावरच शेवटचा पुठ्ठा उघडला. कागद कोरा, पांढरा होता. जुना भरला म्हणून बाईंनी त्याच्यावरच नवा डकवला होता, पिठाच्या खळीने, चारी कडा नीट दाबून. मी उजेडाकडे धरून पाहिलं. नखाने कोपरा उचलायला गेले तर बाईंनी माझ्या हातावर हळूच चापट मारली. पुठ्ठा फाटला असता.

त्याच वसंतात आइलर्ट जहाजावर गेला. पंधरा पूर्ण झाली की पोरांना घेत. दीड वर्षाने मॉन्टेव्हिडिओहून कार्ड आलं, इथे संत्री रस्त्यात पडलेली असतात, कोणी उचलत नाही. त्यानंतर काही नाही. पुढे जहाजाच्या कंपनीने कळवलं की तो कुठल्याशा बंदरात उतरला, तो परत चढलाच नाही. बुडाला नाही, पळून गेला. की कोणाच्या दारात जाऊन बसला, देव जाणे.

माझं लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला. त्या सगळ्या वर्षांत मी एकच गोष्ट धरून बसले होते, कोणाला सांगण्यासारखी नव्हती. त्याने माझी ओळ वाचली होती का? वाचली नसेल तर तो गेला तेव्हा त्याला वाटलं असेल की मागे कोणी नाही. आणि वाचून गेला असेल, तर ती कोणाची हे त्याला कळलं तरी का? मी नाव लिहिलं नव्हतं.

तर त्या गुरुवारी वाद संपत नव्हता, म्हणून इंगव्हिल्द तळघरात गेली. पुस्तकांची बोट बंद झाल्यावर तिची खोकी आमच्याकडे आली होती आणि त्यातली जुनी पुस्तकं आता काढून टाकायची होती. ती एक ओलसर, फुगलेलं पुस्तक घेऊन आली.

"यात मागे मुलांची मतं लिहिलेली आहेत," ती म्हणाली, आणि वाचायला लागली. तेर्येच्या बाजूची तीन निघाली, आस्लाउगच्या बाजूची पाच. आस्लाउगने टाळी वाजवली. "आणि याच्या खाली आणखी एक कागद आहे वाटतं. कोपरा सुटलाय."

"तो काढ," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सहसा काही मागत नाही.

"फाटेल गं," आस्लाउग म्हणाली.

"वाफेवर धर. पिठाची खळ आहे, सुटेल."

तेर्येने किटली पुन्हा लावली. त्याचे हात जाड आहेत, पण दोर सोडवण्यात आयुष्य गेलेलं. तो वाफेवर पुठ्ठा धरून बोटाच्या पेराने कागद तीळ तीळ उचलत होता. वरचा कागद अख्खा निघाला. खालचा पिवळा पडला होता, पेन्सिल मात्र तशीच होती. इंगव्हिल्दने सील, आगाऊ पोरं, सूप सगळं वाचलं. मग 'मी गेलो असतो'. मग माझी ओळ, माझ्याच अंगणात कोणी परकं बोलावं तशी.

"आणि कडेला आडवं काहीतरी आहे," ती म्हणाली. जागा नव्हती म्हणून पुस्तक फिरवून समासात लिहिलं होतं. "'दुसऱ्यांदा वाचलं. वळली ते बरोबर. धाकटीच्या हातात मोजे नव्हते. हे पुस्तकात दिलेलं नाही. मुलगा, १५, क्वाल्व्हॉग.'"

"मोजे?" तेर्ये म्हणाला. "मोज्यांचं कुठे आहे त्यात?"

"तो सांगतोय ना, पुस्तकात नाही म्हणून. नीट ऐकत जा," आस्लाउग म्हणाली.

"मग याला कुठून कळलं?"

मी विणकाम बाजूला ठेवलं आणि पुस्तक मागितलं. ते अजून कोमट होतं. समासातली अक्षरं शेवटाकडे बारीक होत गेली होती, पानाची कड येत होती म्हणून. मी त्यांच्यावर बोट ठेवलं. त्याचे हात त्या दिवशी खिशात का होते ते मला आता एकोणऐंशीव्या वर्षी कळलं. थंडी वाजत होती, एवढंच.

"तुझं मत राहिलंय, गुनव्होर," इंगव्हिल्द म्हणाली. "आठवलं का काही?"

मी तिच्याकडून पेन्सिल घेतली. तळाशी, माझ्या जुन्या ओळीच्या खाली, जेमतेम एका शब्दाची जागा होती. मी तिथे माझं नाव लिहिलं.

आस्लाउग माझ्या खांद्यावरून बघत होती. तीही बेटांवरचीच. "नाव लिहायचं नसतं त्यावर," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," मी म्हटलं.